आठ सेकंदांची टेप, वीस मिनिटांची बाजू

'ब्रेन डॅमेज'चा शेवटचा वाद्यभाग चढत जातो, आणि त्याच ओघात, एक मात्राही न गमावता 'इक्लिप्स' सुरू व्हायला हवं. पण ॲप फुकटातलं असेल तर कधी कधी नेमकी तिथेच जाहिरात लागते. पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'मध्ये ही दोन गाणी नावापुरतीच वेगळी आहेत. १९७३ साली एलपीच्या दुसऱ्या बाजूवर ती सलग कोरली होती, सुईला कुठे थांबायला जागाच नव्हती. जाहिरात संपते, 'इक्लिप्स' सुरू होतं. सूर तेच, गळे तेच, ध्वनी तर जुन्या एलपीपेक्षा कितीतरी स्वच्छ. तरी ते गाणं आता मध्येच कुठून तरी उगवल्यासारखं वाटतं. चढण कापून टाकली की शिखराची उंची कळत नाही. ही खटक मनातून जात नाही, कारण तिच्यामागे एक जुना वाद उभा आहे. सत्तरच्या दशकातला प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक, ऐकून वाढलेली माणसं 'आता तसं होत नाही' म्हणतात, तेव्हा नेमकं काय होत नाही? वाजवणारे हात कमी पडतात, की हे संगीत ज्या अडचणींत घडलं त्या अडचणीच उरल्या नाहीत?

माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे. आणि तो द्यायचा तर थोडं यंत्रांबद्दल बोलावं लागेल.

संगीत किती लांब असावं हे कलावंताइतकंच साधनही ठरवतं, हे आपल्याकडच्या रसिकांना समजावून सांगायला नको. ७८ आरपीएमच्या तबकडीत तीन-साडेतीन मिनिटं मावत, म्हणून तासभर रंगणारा ख्याल तेवढ्यात बसवला गेला. आणि त्या सक्तीतून काही असे रेखीव तुकडे जन्मले की आजही त्यात एक स्वर जास्त नको वाटतो. एलपीने हीच मर्यादा एका बाजूला वीस-बावीस मिनिटांवर नेली. लंडनमधल्या विशी-पंचविशीतल्या पोरांनी ती मोकळी जागा पाहिली आणि तिच्या मापाचं संगीत रचायला घेतलं. येस या बँडचं 'क्लोज टू द एज' एका बाजूभर, पावणेएकोणीस मिनिटांच्या आसपास. जेनेसिसचं 'सपर्स रेडी' तेवीस मिनिटांच्या घरात. एमर्सन, लेक अँड पामरचं 'टार्कस' वीस मिनिटांचं. जेथ्रो टलने 'थिक ॲज अ ब्रिक'मध्ये दोन्ही बाजू एकाच रचनेला दिल्या आणि बाजू उलटण्याच्या जागी वाऱ्याचा आवाज ठेवला. ही लांबी सहज सुचलेली नव्हती. तबकडीच्या व्यासाने ती आखून दिली होती.

आता याच तबकडीची उणी बाजू पाहा, कारण जुन्या एलपीच्या प्रेमात ती हमखास विसरली जाते. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, पण खाच आत सरकत जाते तसा फेऱ्याचा घेर लहान होतो. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ पोचेपर्यंत २१च्या आसपास. म्हणजे तेवढाच आवाज जवळजवळ अडीचपट आखूड खाचेत दाबून बसवावा लागतो. झांजांचा आवाज फाटतो, 'स' आणि 'श' खरखरतात. त्यात बाजू बावीस मिनिटांच्या पुढे गेली की खाचा जवळजवळ आणाव्या लागतात. मग आवाजाची पातळी उतरवावी लागते किंवा खर्ज कापावा लागतो. 'सपर्स रेडी' असलेली 'फॉक्सट्रॉट'ची दुसरी बाजू चोवीस मिनिटांच्या वर जाते. त्या रचनेचा सगळ्यात भव्य भाग, ऑर्गन, मेलोट्रॉन आणि पूर्ण ताकदीचा गळा एकत्र येतात तो शेवट, कोरला गेला आहे नेमका लेबलजवळ, जिथे तबकडी सर्वांत दुबळी असते. पन्नास वर्षं ज्या शेवटाने अंगावर काटा आणला, तो एलपीवर कधी नीट ऐकूच येत नव्हता. डिजिटल प्रतीत तो पहिल्यांदा मोकळा झाला. स्मरणरंजनात हेही धरायला हवं.

जुनी एलपी घ्यायला कुणी मुंबईच्या चोरबाजारात गेलंच, तर तिरप्या उजेडात लेबलजवळचा शेवटचा इंचभर भाग आधी पाहावा. तिथे खाचा चकचकीत काळ्या न दिसता राखाडी दिसल्या तर आधीच्या मालकाच्या जड किंवा झिजलेल्या सुईने त्या खरवडल्या आहेत, आणि ते धुऊन जात नाही. वरवरचा ओरखडा परवडतो. तो एकदा 'टक्' करतो आणि जातो. राखाडी खाच शेवटची पाच मिनिटं सतत फाटत राहते. घरी सुईचा भार कार्ट्रिजच्या (सुई ज्यात बसते त्या भागाच्या) कागदावर दिला असेल तेवढाच ठेवावा, बहुतेक वेळा दीड ते अडीच ग्रॅम. हलका ठेवला की तबकडी वाचते, हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती जास्त फोडते.

पण हे संगीत घडलं ते तबकडीच्या आधी, चुंबकीय टेपवर. मेलोट्रॉन हे त्या काळाचं सगळ्यात विचित्र आणि मला सगळ्यात प्रिय वाटणारं वाद्य. दिसायला छोट्या ऑर्गनसारखं, बर्मिंगहॅमला बनवलेलं. एम-४०० या मॉडेलला ३५ पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक वेगळा लांब तुकडा. त्या टेपवर खऱ्या व्हायोलिनचा, खऱ्या बासरीचा, खऱ्या गायकवृंदाचा एकेक सूर ध्वनिमुद्रित केलेला. पट्टी दाबली की टेप फिरत्या दांड्यावर दाबली जाते आणि वाजायला लागते. साधारण आठ सेकंदांनी ती संपते आणि सूर मरतो. बोट उचललं की स्प्रिंग टेप मागे खेचते. तेवढा क्षण जाऊ दिला नाही आणि लगेच पुन्हा दाबलं, तर सूर अर्ध्यातून सुरू होतो. म्हणून लांब स्वरमेळ धरायचा तर सगळी बोटं एकदम उचलून चालत नाही. एकेक बोट पाळीपाळीने उचलून पुन्हा ठेवत जायचं, म्हणजे एखादा सूर पुन्हा जन्मत असतो तेव्हा बाकीचे शाबूत असतात. वर सगळ्या टेपांना ओढणारी मोटर एकच. सहा-सात पट्ट्या एकदम दाबल्या की तिच्यावर ताण येतो आणि अख्खा वाद्यवृंद किंचित खाली घसरतो. हवेतला दमटपणा आणि सभागृहातल्या विजेचे चढउतार हा दौऱ्यावरचा आणखी ताप. किंग क्रिम्सनच्या १९६९च्या पहिल्या अल्बममध्ये इयन मॅकडॉनल्डने हे यंत्र ज्या तऱ्हेने वाजवलंय, त्यात या सगळ्या खोडी ऐकू येतात. 'एपिटाफ'मधला तो व्हायोलिनांचा थर श्वास घेतल्यासारखा वाटतो. वादकाला दर आठ सेकंदांनी काहीतरी करावंच लागत होतं, हे त्याचं कारण.

आज हाच आवाज लॅपटॉपवर काही हजार रुपयांत मिळतो, आणि तो हवा तेवढा वेळ अखंड वाजतो. तिथेच फरक पडतो. नव्या रेकॉर्डमध्ये मेलोट्रॉनचा गायकवृंद तीस-तीस सेकंद न हलता पसरलेला ऐकला की लगेच कळतं, वाजवणाऱ्याने आवाज घेतला आणि अडचण टाकून दिली. जे जाणकार आहेत ते सॉफ्टवेअरमध्येही आठ सेकंदांची मर्यादा मुद्दाम चालू ठेवतात आणि बोटं उचलून वाजवतात. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण फरक कानाला लागतो.

'डार्क साइड'मधल्याच 'मनी'च्या सुरुवातीचा नाण्यांचा आणि गल्ल्याचा ठेका हे दुसरं उदाहरण. सात आवाज, सात मात्रा. बँडच्या रॉजर वॉटर्सने माती कालवायच्या मोठ्या भांड्यात नाणी फिरवून त्यांचा आवाज घेतला. कागद फाडल्याचा, गल्ल्याचा असे बाकीचे आवाज जमवले. मग टेपचे तुकडे पट्टीने मोजून कापले, चिकटपट्टीने जोडले आणि त्यांची माळ मशीनवरून, बाहेर उभ्या केलेल्या माइकच्या स्टँडभोवती फिरवली. गणित करून पाहा. टेपचा वेग सेकंदाला १५ इंच धरला आणि लय मिनिटाला १२० मात्रांची धरली, तर एका मात्रेला साडेसात इंच टेप लागते, सात मात्रांच्या आवर्तनाला साडेबावन्न इंच. कापताना पाव इंच चुकलं तर ती मात्रा सेकंदाच्या साठाव्या भागाने सरकते, आणि माळ असल्यामुळे दर आवर्तनात तिथेच सरकते. अशा वेळी ड्रमर त्या यंत्राशी भांडत नाही, त्याच्याकडे किंचित झुकून वाजवतो. त्या गाण्याच्या चालीत जो हलका लंगडा डौल आहे, त्याला कात्री आणि हात दोन्ही कारण आहेत. सॅक्सोफोन सात मात्रांतच खेळतो, पण डेव्हिड गिल्मोरचा गिटारचा तुकडा आला की बँड चारात जातो, आणि तो बदल पोटात जाणवतो. आपल्या कानांना सातची नवलाई नाही, रूपक ऐकून ते तयार झालेले असतात. पण रूपकासारखं तीन-दोन-दोन मोजायला गेलं तर इथे पाय अडतो. चार अधिक तीन असं मोजलं की बास गिटार सरळ हाताला लागते.

संगणकावर १३/८, म्हणजे तेरा मात्रांचं आवर्तन, हवं असेल तर दोन आकडे बदलायचे, कानात लय मोजणारी क्लिक वाजायला लागते, आणि वाजवून झाल्यावर ड्रमचा प्रत्येक ठोका माउसने रेघेवर आणून बसवता येतो. १९७२मध्ये येसचा ड्रमर बिल ब्रुफर्ड याला हे सगळं अंगात मुरवावं लागलं. 'क्लोज टू द एज' लंडनच्या ॲडव्हिजन स्टुडिओत तुकड्यातुकड्यांनी मुद्रित झालं आणि ध्वनितंत्रज्ञ एडी ऑफर्डने ब्लेडने टेप कापून ते जोडलं. एक हवा असलेला तुकडा तर कचऱ्यात गेला होता आणि शोधून आणावा लागला होता. म्हणजे 'तेव्हा सगळं सलग, खरं वाजवत' ही समजूतही अर्धीच खरी. तेव्हाही कापाकापी होतीच. फक्त प्रत्येक काप महाग होता, एकदा ब्लेड लागली की मागे फिरणं कठीण, म्हणून आधी विचार करावा लागे.

आपल्याकडे या आवाजाची आठवण आणखी एका थराखाली दबलेली आहे.

मुंबई-पुण्यात हे संगीत अनेकांपर्यंत पोचलं ते एलपीतून नाही, उतरवून घेतलेल्या कॅसेटमधून. ज्याच्याकडे तबकडी असे तो वाटणारा, बाकीचे कोरी कॅसेट घेऊन रांगेत. सी-९०ची एक बाजू ४५ मिनिटांची. 'थिक ॲज अ ब्रिक' पावणेचव्वेचाळीस मिनिटांचं, म्हणजे तो अख्खा अल्बम एका बाजूला बसे आणि दुसरीवर 'डार्क साइड'. एलपी उलटताना टेपरेकॉर्डर थांबवला की मध्ये एक 'टक्' राही, आणि ते 'टक्' पुढच्या प्रत्येक प्रतीत उतरे. तिसऱ्या-चौथ्या प्रतीपर्यंत वरच्या पट्टीतली चमक जाऊन फुसफुस वाढे. पट्टा सैल झालेल्या टेपरेकॉर्डरवर सूर इतका हले की मेलोट्रॉनची मोटर घसरतेय की आपल्या यंत्राची, हे सांगता येत नसे. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये मूळ प्रत हातात घेऊन पाहणं हाही एक कार्यक्रम असे. ते दुकान २०१६मध्ये बंद झालं. या श्रोत्याला आज स्वच्छ प्रत ऐकवली तर पहिल्यांदा ती परकीच वाटते. त्याच्या मनातलं संगीत त्या फुसफुशीसकट आहे. ते प्रेम खरं आहे, पण त्याच्या आधारावर आजच्या बँडना तोलणं अन्यायाचं होईल.

अन्याय आणखी एका ठिकाणी होतो. आपण १९६९ ते १९७५ मधले निवडक पंचवीस-तीस अल्बम आठवतो आणि आजच्या सरसकट सगळ्या संगीताशी त्यांची तुलना करतो. त्या काळातही फुगवटा भरपूर होता. येसच्या १९७३च्या 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'चं उदाहरण घ्या. परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या शास्त्रांविषयीच्या एका तळटीपेवरून येसचा गायक जॉन अँडरसन याला चार बाजूंच्या चार रचना सुचल्या. त्यात अप्रतिम जागा आहेत, पण चारही बाजू भरायच्याच हे आधी ठरलं आणि संगीत मागून आलं, हे ऐकताना जाणवत राहतं. कीबोर्डवादक रिक वेकमनने दौऱ्यात एका कार्यक्रमात मंचावर बसूनच करी खाल्ली आणि दौऱ्यानंतर बँड सोडला. वर्षभर आधी ज्या मर्यादेने 'क्लोज टू द एज' घडवलं, तीच मर्यादा इथे भरून काढायचा कोटा झाली. पुढे सीडीने ७४ मिनिटं दिली तेव्हा हाच आजार अनेक नव्या प्रोग बँडना जडला.

आणि आजची मर्यादा कोणती? स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजलं की एक प्ले धरला जातो. तीन मिनिटांचं गाणं असो की तेवीस मिनिटांची रचना, प्ले एकच. म्हणजे लांब रचना करणारा स्वतःच्या पोटावर पाय देतो. पिंक फ्लॉइडच्या 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'मध्ये गळा येतो साडेआठ मिनिटांनंतर. पहिल्या ३० सेकंदांत तिथे एक जी मायनरचा स्वरमेळ सावकाश वर येत असतो, बाकी काही नाही. आज हे करायला कुणाला मनाई नाही, पण सगळी यंत्रणा उलट दिशेला ओढते. एलपीनेही ओढलं होतं, पण लांबीकडे. मला आजच्या तरुण वादकांची तक्रार करावीशी वाटत नाही ती यामुळेच.

हातांचं म्हणाल तर शंकाच नको. टूल या बँडचं २००१चं 'लॅटरलस' घ्या. त्यातल्या ओळींची अक्षरं फिबोनाची क्रमाने (प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज) वाढतात आणि उतरतात, ठेका नऊ, आठ, सात असा पायऱ्या उतरतो, तरी हिशेब कुठे टोचत नाही. पॉर्क्युपाइन ट्री या बँडचा ड्रमर गॅव्हिन हॅरिसन ज्या सफाईने वाजवतो ती सत्तरच्या दशकातल्या फार थोड्यांना जमली असती. त्याच बँडच्या स्टीव्हन विल्सनने किंग क्रिम्सन, येस, जेथ्रो टल यांच्या मूळ मल्टिट्रॅक (प्रत्येक वाद्य वेगळं असलेल्या) टेपांवरून नव्याने मिश्रणं केली. हे काम कसं चालतं ते पाहण्यासारखं आहे. काही जुन्या टेपांचा चिकट थर ओलावा शोषून सुटायला लागलेला असतो. तशा टेपा पन्नासेक अंशांवर काही तास शेकाव्या लागतात, मग त्या थोड्याच वेळा सुरक्षित वाजतात. तेवढ्यात प्रत्येक ट्रॅक संगणकावर घ्यायचा, मूळ मिश्रण शेजारी लावून कुठला आवाज किती वर होता, प्रतिध्वनी किती होता हे कानाने जुळवायचं, आणि मगच जिथे गढूळ होतं तिथे हात घालायचा. ही ममता त्याच्या स्वतःच्या रचनांतही उतरली. २००९च्या डिसेंबरात हा बँड पवईला आयआयटीच्या मूड इंडिगोत वाजवून गेला. मुंबईच्याच कोशिश या बँडने २०१३मध्ये 'फिरदौस' हा हिंदी संकल्पना-अल्बम काढला, तोही याच वंशातला.

नवं आणि जुनं शेजारी ठेवून पाहायचं असेल तर आधी फोन नीट करावा. शफल बंद, क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं) शून्यावर, गॅपलेस (मध्ये खंड न पाडणं) चालू, अल्बम संपल्यावर दुसरं काहीतरी आपोआप वाजतं तेही बंद. आवाजाची पातळी आपोआप समान करणारी सोय असेल तर तीही काढावी. काही ॲप ती प्रत्येक गाण्याला वेगळी लावतात, मग मुद्दाम हळू ठेवलेला भाग फुगतो. आणि आवाज सुरुवातीच्या हळू भागावरून ठरवू नये. सगळ्यात जोराचा भाग सोसेल एवढा ठेवावा आणि सुरुवात कमी ऐकू आली तर येऊ द्यावी.

मग किंग क्रिम्सनच्या १९७४च्या 'रेड'मधलं 'स्टारलेस' लावावं. गाण्याचा भाग संपला की बास १३/८मध्ये एक काळोखी आकृती धरते आणि रॉबर्ट फ्रिप गिटारवर जवळजवळ एकच स्वर वाजवतो. सावकाश, अर्ध्या-अर्ध्या पायरीने वर सरकत, चार मिनिटांहून जास्त. येसमधून या बँडमध्ये आलेला ब्रुफर्ड आधी नुसते कडेचे आवाज काढतो, मग हळूहळू पूर्ण ड्रमवर येतो. लय ताणली जाते, किंचित धावते, कुणी तिला रेघेवर ओढून आणत नाही. त्याच्यामागे पॉर्क्युपाइन ट्रीच्या २००७च्या 'फिअर ऑफ अ ब्लँक प्लॅनेट'मधलं 'ॲनेस्थटाइझ' ऐकावं, पावणेअठरा मिनिटांच्या आसपासचं. मधला जड, ठोकणारा भाग ओसरल्यावर विल्सन शेवटची पाचेक मिनिटं नुसती मंद, तरंगती ठेवतो, एकही नवी चमक न दाखवता. आजच्या बाजारात ही पाच मिनिटं ठेवणं सोपं नव्हतं, आणि माझ्या मते तेवढ्यासाठी ही रचना 'स्टारलेस'च्या पंगतीला बसते. ड्रम तर हॅरिसनचे सरसच आहेत. उणीव एकाच जागी जाणवते: जड भागात शिरताना 'स्टारलेस'मध्ये ब्रुफर्ड, फ्रिप आणि बासवादक वेटन एकमेकांना ढकलत जशी लय वाढवतात, तशी ती इथे वाढत नाही. अख्ख्या बँडने क्लिक बंद करून वाजवलेली अशी एखादी नवी वीस मिनिटं कुणी केली, तर ती आधी ऐकायला मी तयार आहे.